अक्कांना मी हळू चालवलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही – आणि देवासमोर हात जोडून उभी राहते तेव्हा तर हा विषय मनातसुद्धा येऊ देत नाही, पटकन दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये विचाराल तर लोक म्हणतील, मंदाताई? अहो, जावेचं एवढं करणारी बाई दुसरी दाखवा! हौ, असंच म्हणतात. मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि ऐकून मान खाली घातलीय. लोकांना वाटतं, काय विनय आहे बाईला.

तर ऐका. पण मधे थांबवू नका – एकदा थांबले तर पुन्हा सुरू करायची हिंमत माझ्यात नाही.

आम्ही हैदराबादला, चिक्कडपल्लीत राहतो. तिसऱ्या मजल्यावर दोन घरं, दारं समोरासमोर – एक थोरल्या दिरांचं, एक आमचं, आणि मधे लांबलचक कॉरिडॉर. बेगम बाजारात दोघा भावांचं मिळून मसाल्याचं ठोक दुकान. माणसं मूळची मराठवाड्यातली, पण इथे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की आता गावाकडचे लोकच आमच्या बोलण्याला हसतात. घरात मराठी, दुकानात तेलुगू, रस्त्यावर हैदराबादी हिंदी. एका वाक्यात तिन्ही आल्या तरी कुणाला काही वाटत नाही. हे भाषेचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोरल्या जावेला आम्ही सगळे अक्का म्हणतो. उंच बाई, गोरी, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर खालचा भाजीवाला गाडी थांबवायचा. घर त्यांच्या हातात. पुरणाला किती गूळ, दिवाळीला कुणाला कोणतं पातळ – सगळं त्या ठरवणार. वाईट होत्या असं समजू नका. माझ्या बाळंतपणात माझी आई येऊ शकली नाही, तर अंगाला तेल लावण्यापासून सगळं अक्कांनी केलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, म्हणजे तुम्ही माझ्या बाजूने विचार करायला लागू नये.

आता महालक्ष्म्या. तुमच्याकडे गौरी म्हणत असतील. आमच्याकडे भाद्रपदात तीन दिवस त्यांचे, आणि वर्षातला खरा सण तोच. दाराबाहेरून देवीचे दोन मुखवटे आत आणायचे – एक ज्येष्ठा, एक कनिष्ठा. जमिनीवर कुंकवाची पावलं काढलेली, एकजण ताट वाजवतेय, बाकीच्या गातायत, आणि दोघी जावांनी छातीशी मुखवटे धरून, पावलावर पाऊल ठेवत, स्वयंपाकघर, कोठीची खोली, तिजोरी – सगळं घर देवीला दाखवत चालायचं. ज्येष्ठा आणणार थोरली. कनिष्ठा आणणार धाकटी. इतकी वर्षं मी कनिष्ठा आणली.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी उंबरठ्यात माझा पदर पायात आला. मुखवटा हातातून सुटला नाही, पण चौकटीवर आपटला. कनिष्ठेच्या पितळी नाकाला पोचा आला. अक्का ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर विषय तिथेच संपला असता. त्या हसल्या. आणि तेव्हापासून दरवर्षी, सवाष्णी जेवायला बसल्या की तो पोचा दाखवून किस्सा सांगायच्या – आमची धाकटी कशी उतावळी, देवीचं नाक कसं फोडलं! सगळ्या हसायच्या. मीही हसायची. आणि दरवर्षी मी मुखवटा उचलला की त्या भरल्या घरात मोठ्यानं म्हणायच्या, "हळू गं मंदे, हळू!" माझे केस पिकले, मला सून आली – सुनेच्या देखत, "हळू गं मंदे!"

एवढंच. हो, एवढंच. तुम्हाला वाटलं असेल काहीतरी मोठं असेल, छळ असेल, जाळपोळ असेल. नाही. एक शब्द होता, आणि तो मी वर्षानुवर्षं पोटात ठेवला.

अक्कांना झटका आला तो पाडव्याच्या आदल्या दिवशी. श्रीखंडाचा चक्का फेटत होत्या, हातातला चमचा खाली पडला. उचलायला वाकल्या आणि उठल्याच नाहीत. भावजींनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, आणि माझ्या नवऱ्यानं उचलून गाडीत घातलं. मेंदूतली रक्ताची वाट अडली होती. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नळासारखी वाहणारी बाई – एक शब्द फुटेना! मराठी बोललेलं सगळं कळायचं. पण ज्या तेलुगूत त्या भाजीवालीशी तासतास भांडायच्या ती पार पुसून गेली. हिंदीही गेली. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, आईकडून आलेली भाषा टिकते.

आणि मग एक दिवस मी त्यांचे केस विंचरत होते. सहज गुणगुणत होते – महालक्ष्म्या आणताना आम्ही म्हणतो ते गाणं, अक्का माहेराहून घेऊन आलेल्या. "टाक माय पाऊल, उंबरा ओलांड..." – आणि माझ्या हाताखालून आवाज आला. अक्का गात होत्या. अख्खी ओळ, शब्दन् शब्द स्वच्छ! पाणी मागता येत नव्हतं, नवऱ्याचं नाव घेता येत नव्हतं, आणि गाणं येत होतं. भावजी दारात उभे राहून लहान पोरासारखे रडले. मी पण रडले. ते रडणं खरं होतं. त्या दिवसापर्यंत माझ्या मनात काही नव्हतं, आईची शपथ.

नारायणगुड्याला एका केंद्रात त्यांचे व्यायाम सुरू झाले. सौजन्या नावाची तेलुगू मुलगी, माझ्या सुनेच्या वयाची, चालवायला शिकवायची. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, यांना काय करता यायला हवंय? मी मराठीत अक्कांना विचारलं. अक्कांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, दोन्ही तळवे छातीशी आणले आणि काहीतरी धरल्यासारखे ठेवले. मी बघतच राहिले. भावजींना लगेच कळलं. म्हणाले, ज्येष्ठा. भाद्रपदात ज्येष्ठा आणायचीय तिला.

मग भावजी दुकानाकडे गेले आणि सौजन्यानं मला समजावून सांगितलं. हाताची काळजी नको, मुखवटा शेल्यानं छातीशी बांधता येईल. पाय हवा. आणि पाय हवा तर नुसतं फिरून भागणार नाही. जोरात चालायचं. डॉक्टरांनी हृदय तपासून मोकळीक दिलीय, तेव्हा घाबरायचं नाही – छातीचे ठोके वाढले पाहिजेत, घाम फुटला पाहिजे, तेव्हाच डोक्याला पायाची वाट पुन्हा सापडते. आणि हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे, नंतर हेच करायला दुप्पट कष्ट. केंद्रात ती आठवड्यातून दोन-तीनदा चालवणार, पण खरं काम घरी, रोज. घरी कोण चालवणार? मी म्हटलं, मी आहे ना. 

केंद्रात छताला एक पट्टा टांगलेला होता. तो अक्कांच्या कमरेला बांधायचे, म्हणजे तोल गेला तरी पडायच्या नाहीत, आणि खाली सरकता पट्टा सुरू करायचे. अक्कांना हा प्रकार इतका आवडला की कमरेभोवती बोट फिरवलं की सौजन्या, अशी त्यांनी खूणच करून टाकली. सुरुवातीला पाय ओढला जायचा, बोटं घासायची. मग हळूहळू उचलायला लागला. आणि एक दिवस सौजन्यानं वेग वाढवला, आणखी वाढवला – अक्कांचा चेहरा लालबुंद, मानेवरून घाम, तोंड उघडं – आणि पाय पडत होता! टाच आधी, मग पंजा. चालत होत्या हो, खरंच चालत होत्या. केंद्रातले सगळे टाळ्या वाजवायला लागले. सौजन्या माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटी, पक्का! फेस्टिवल में देवी को अक्काच लाते, देखो तुम."

आणि टाळ्या वाजवणारे माझे हात खाली आले.

तो क्षण मला अजून तसाच्या तसा आठवतो. कारण तोपर्यंत – आता हे सांगताना जीभ अडतेय – तोपर्यंत मी मनातल्या मनात ज्येष्ठा उचलली होती. कोणतं लुगडं नेसायचं तेही ठरवलं होतं. सवाष्णींना बोलावणं मी करणार, पुरणाला गूळ मी सांगणार, आणि घरात पहिलं पाऊल माझं. कुणी "हळू" म्हणणार नाही. अक्का बऱ्या होऊ नयेत असं मला वाटत होतं का? नाही, तसं नाही. बऱ्या व्हाव्यात. फक्त – एवढ्यात नको. एक भाद्रपद जाऊ दे. असं कुणी कुणाबद्दल मनात आणतं का? मी आणलं.

पट्टा सोडवताना सौजन्यानं मला शेवटचं एक सांगितलं. लोकांना आम्ही सांगतो, ती म्हणाली, की चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येता कामा नये, एवढा दम लागला पाहिजे. यांना बोलता येत नाही, पण गाता येतं. सो, बसल्यावर कितीही गाऊ देत, वाचेला चांगलंच आहे. चालताना मात्र "गाना गा सकते बोले तो स्पीड कम है, आंटी. और तेज चलाव." इतकं सोपं. लहान मुलालाही कळेल असं.

अक्का घामेजल्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होत्या. भुवया उंचावलेल्या – काय म्हणतेय ती? त्यांना त्यातलं अक्षर कळलेलं नव्हतं. त्यांच्या आणि त्या मुलीच्या मधे फक्त मी होते.

मी म्हणाले, "अक्का, ती म्हणतेय, मशीनवर जोरात चालायचं ते इथलं. घरी मात्र हळू. गात गात."

बस्स. हे ते. सांगून झालं म्हणावं तर झालं – पण नाही, अजून आहे. खोटं एकदाच बोलून कुठे भागतं?

अक्कांना आधी पटलं नाही. त्यांनी मान हलवली, बोटानं पुढे पुढे अशी खूण केली – जोरात का नको? अडाणी नव्हत्या त्या. तर मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अहो अक्का, महालक्ष्मी काय धावत आणायची असते का? गाण्याच्या चालीवर आणायची ना? मग त्याच चालीवर सराव नको?" हे त्यांना इतकं पटलं, इतकं पटलं की त्यांनी डाव्या हातानं माझा गाल कुरवाळला. दुसऱ्या कुठल्या घरातली बाई या बोलण्याला फसली नसती. आमच्या घरातली फसणार हे मला माहीत होतं.

मग रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघी कॉरिडॉरमध्ये. मी त्यांचा हात धरलेला, त्या गातायत, मी गातेय, आणि पाऊल – टाक माय पाऊल – देवीचा मुखवटा हातात असल्यासारखं, सावकाश. घाम नाही, दम नाही, काही नाही. दार उघडून शेजारणी बघायच्या. समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत यायच्या. एकीनं मोबाईलवर व्हिडिओ काढला, तो नातेवाइकांत सगळीकडे फिरला – जावा-जावांचं प्रेम बघा! पुण्याहून माझ्या बहिणीचा फोन आला, मंदे, डोळ्यांत पाणी आलं गं. भावजी तर माझ्यापुढे हात जोडायचेच बाकी होते. उगी कौतुक करू नका, असं मी म्हणायची. आणि हे पण सांगून टाकते – मला ते कौतुक गोड लागायचं.

पाऊस सुरू झाला. खालच्या रस्त्यावर पाणी साचलं की रिक्षा मिळेना, आणि मिळाली तरी मी म्हणायची, आज नको, अक्का घसरतील. केंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. सौजन्याचा फोन यायचा. चालते का अक्का? चालतात की. दम लागतो? लागतो ना, खूप लागतो, घाम फुटतो. गात तर नाही ना? नाही, नाही, गाणं कुठलं! एकदा असाच फोन सुरू होता आणि मागे कॉरिडॉरमध्ये अक्का भिंतीला धरून एकट्याच गात निघाल्या. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात पळाले आणि मिक्सर लावला. रिकामा मिक्सर. ऐकू येत नाही गं, नंतर बोलू, म्हणाले आणि फोन ठेवला. मिक्सर तसाच फिरत होता, आणि मला वाटलं आता कुणीतरी येऊन विचारणार, यात काय वाटतेस? पण कुणी आलं नाही.

पाय पुन्हा ओढला जायला लागला. मला दिसत होतं. बोटं पुन्हा फरशीला घासायला लागली, चपलेचा पुढचा भाग झिजला. अक्का माझ्याकडे बघायच्या आणि मी म्हणायची, होईल, होईल.

गणपती बसायच्या थोडे दिवस आधी सौजन्या न सांगता घरी आली. दार मीच उघडलं. भावजी घरात होते, अक्का खुर्चीत. तिला बघून अक्कांचा चेहरा असा फुलला! कमरेभोवती बोट फिरवलं, स्वतःच काठी धरून उठल्या – थांब, तुला दाखवते. आणि निघाल्या. गात. सावकाश. एक एक पाऊल, मान ताठ, शाळेच्या गॅदरिंगला मुलगी कविता म्हणून दाखवते ना, तसा चेहरा. 

सौजन्या बघत होती. आधी अक्कांच्या पायांकडे, मग माझ्याकडे. मी गॅसवर दूध ठेवल्यासारखी स्वयंपाकघराकडे वळले, पण दारातच थांबले. भावजी मोठ्या अभिमानानं तिला तेलुगूत सांगत होते, मंदा रोज असंच चालवते, एक दिवस चुकवत नाही. सौजन्यानं अक्कांपुढे हात हलवून खूण केली – जोरात, जोरात. अक्का थांबल्या. त्यांनी ठामपणे मान हलवली. ओठ जुळवले, पुन्हा जुळवले. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा गाण्याबाहेरचा शब्द त्यांच्या तोंडून आला.

"हळू."

भावजी ओरडले, "बोलली! अगं मंदा, बोलली!" आणि अक्का हसत हसत माझ्याकडे बोट दाखवत होत्या, हिनं शिकवलं म्हणून.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी. तेव्हा तरी तोंड उघडायचं. भावजी पेढे आणायला खाली पळाले होते, घरात आम्ही तिघीच. मी एक शब्द बोलले असते तर सगळं तिथेच सुधारलं असतं. सौजन्या निघाली, मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. ती रागावली नाही. जिन्यात उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "आंटी, अब भी टाइम है. कल से करो. गाना बंद, बस." का केलं, असं तिनं विचारलंच नाही. मी मान डोलावली. हो, उद्यापासून.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्कांचा हात धरला, कॉरिडॉरमध्ये उभी राहिले, आणि गाणं सुरू केलं.

पहिल्या वेळेला भीतीनं, हेव्यानं, अविचारानं केलं असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळेला मला पूर्ण माहीत होतं. म्हणून हा जिन्यानंतरचा दिवस मी वेगळा सांगतेय, त्या पहिल्यात गुंडाळून टाकत नाही. सौजन्याची त्यानंतर बदली झाली, दुसऱ्या गावी गेली. जाताना तिचा फोन आला होता. मी उचलला नाही.

महालक्ष्म्या आल्या. ज्येष्ठा मी आणली. माझ्या सुनेनं कनिष्ठा घेतली, तीच, नाकाला पोचा असलेली. अक्कांना आत, पावलं जिथे संपतात तिथे खुर्चीवर बसवलं होतं, जरीचं लुगडं नेसवून, उजवा हात मांडीवर नीट ठेवून. मी उंबरठ्यापाशी मुखवटा छातीशी धरून उभी. ताट वाजायला लागलं. बायकांना सूरच सापडेना, दरवर्षी तो अक्का धरायच्या ना. दोघी-तिघींनी वेगवेगळीकडून सुरुवात केली, हसल्या, थांबल्या.

आणि आतून अक्कांनी गाणं उचललं. काठी फरशीवर आपटत, चाल धरून. माझ्या पायांकडे बघत होत्या. मी टाकलेल्या प्रत्येक पावलाला त्यांची काठी वाजत होती – आपण रोज करतो ना मंदे, तसंच, घाबरू नको. मी अडखळले नाही. आयुष्यात पहिल्यांदा अख्खं घर फिरून मी नीट चालले. खुर्चीपाशी पोचले तर अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी मुखवट्याला नाही, मला नमस्कार केला. एका हातानं. सगळ्या बायका रडत होत्या. मला वाटत होतं जमीन दुभंगली तर बरं, आणि मी हसत उभी होते.

याला आता बरीच वर्षं झाली. अक्का काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात. जिना उतरता येत नाही. लग्नकार्य असलं तर दोघांनी खुर्चीसकट उचलून खाली न्यावं लागतं, म्हणून त्या बहुतेक वेळा नकोच म्हणतात, आणि गॅलरीतून भाजीवाल्याकडे बघत बसतात. दुसऱ्या एका डॉक्टरांनी मागे म्हटलं, आता एवढंच राहील, सुरुवातीला कमी पडलं असणार. भावजी म्हणाले, नाही हो, माझ्या भावजयीनं काही कमी पडू दिलं नाही. मी तिथेच होते, पाण्याचे पेले उचलत.

ज्येष्ठा अजून मीच आणते. दरवर्षी.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी नेहमीसारख्या आम्ही कॉरिडॉरमध्ये आलो. काय झालं मला ठाऊक नाही. मी गायले नाही. त्यांचा हात घट्ट धरला आणि जोरात चालायला लागले – चला अक्का, चला, अजून जोरात! दोन-चार पावलं त्या ओढल्यासारख्या आल्या. मग थांबल्या. हात सोडवून घेतला. माझ्याकडे अशा रागावून बघितलं, जशा पूर्वी पुरणात गूळ कमी पडला की बघायच्या.

"हळू," म्हणाल्या.

आणि मला कळलं नसेल म्हणून कमरेभोवती बोट फिरवलं. सौजन्या. सौजन्यानं सांगितलंय. विसरलीस काय मंदे? त्यांनी पुन्हा माझा हात धरला, पाऊल उचललं – ओढतच – आणि गाणं सुरू केलं.

दुसऱ्या ओळीपासून मी पण गायले.